सारखे दिसणारे नेचे वेगळे कसे ओळखायचे? आधी पान उलटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यातल्या सत्तरीतला व्हाळाचा (ओढ्याचा) काठ, चोर्ला घाटातली रस्त्याची कड, घरच्या जुन्या विहिरीचा कठडा आणि खाजनाचा (खाडीकाठच्या निमखाऱ्या शेतजमिनीचा) बांध अशा चार ठिकाणी तुम्ही नेच्यांचे (फर्नचे) फोटो काढले. मोबाइलवरच्या ॲपने एकाच झाडाला तीन-तीन नावे दिली आणि दोन वेगळ्या झाडांना एकच. पानाच्या आकारावरून हे ओळखता येतील का, आणि ज्याच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात तो आकूर यांतला कुठला, असे तुम्हाला विचारायचे आहे.

अडचण ॲपपेक्षा फोटोंत जास्त आहे. चारही फोटो वरून काढलेले आहेत. नेच्याच्या पानाची वरची बाजू हा ओळखीसाठी सर्वांत कमी उपयोगाचा भाग. पिसासारखे विभागलेले पान ही नेच्यांची सर्रास आढळणारी ठेवण आहे आणि एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या कुळांतही ती तशीच दिसते. उलट एकाच जातीचे कोवळे झाड, सावलीतले झाड आणि उन्हातले झाड शेजारी ठेवले तर तीन जाती वाटाव्यात इतका त्यांत फरक पडतो. म्हणजे आकारावरून जवळचे लांब जातात आणि लांबचे जवळ येतात.

म्हणून मी नेचा पाहताना पहिल्यांदा पान उलटतो. पाठीवर तपकिरी ठिपके, रेषा किंवा पट्टे दिसतात ते बीजाणूंचे (ज्यांपासून नवा नेचा होतो त्या बारीक कणांचे) पुंज. ते रोग नव्हेत, किडीची अंडीही नव्हेत. खवलेकीड मात्र कधी कधी खरेच पुंजासारखी दिसते. तिची खूण अशी की ती कशीही विखुरलेली असते आणि नखाने खरवडली तर अख्खी निघते. पुंज शिरांच्या हिशेबाने बसलेले असतात, प्रत्येक पर्णिकेवर त्याच जागी. (पानाच्या मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना जे भाग येतात त्यांना मी इथे पर्णिका म्हणतो आहे.)

पुंजांबाबत तीन गोष्टी बघायच्या: ते कुठे आहेत, आकार काय आहे आणि वर पडदा आहे का. जागा म्हणजे पर्णिकेच्या कडेला, मधल्या शिरेला लागून, की दोन्हींच्या मध्ये. आकार म्हणजे गोल, मूत्रपिंडासारखा, लांब रेषेसारखा, की सगळ्या पाठीवर पसरलेला. पडदा म्हणजे पुंजावरचे पातळ झाकण. काही नेच्यांत हे झाकण स्वतंत्र असते, तर काहींत पानाचीच कड आत दुमडून झाकणाचे काम करते. फसगत बहुतेक वेळा पडद्यापाशी होते. पुंज पिकले की पडदा सुकून गळतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघणारा 'पडदा नाही' असे लिहून मोकळा होतो. त्याच झाडावरचे थोडे कोवळे, पुंज अजून हिरवट-पांढरे असलेले पान शोधून बघितल्याशिवाय 'नाही' म्हणू नये.

पान उलटल्यावर दुसरे काम शिरांचे. एक पर्णिका आकाशाकडे धरून किंवा मोबाइलच्या टॉर्चपुढे धरून भिंगातून बघा. शिरा मोकळ्या कडेपर्यंत जातात, शेजारच्या शिरेला मिळतात, की जाळे करतात, हे वाळलेल्या नमुन्यापेक्षा ओल्या पानात लगेच दिसते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. ते डोळ्याला टेकवायचे आणि पान जवळ आणायचे. भिंग पानाजवळ धरून आपण लांबून बघितले की चित्र लहान आणि अंधुक येते, आणि भिंगच वाईट आहे असे वाटते.

तिसरी जागा देठाचे बूड. माती हलकी बाजूला करून देठ जिथून निघतो तिथले खवले बघा: रंग, लांबी, कड साधी की दातेरी, सगळा खवला एका रंगाचा की मधे काळा आणि कडेला फिका. खोड जमिनीखाली सरपटते की एका जागी गड्डा करून उभे राहते, हेही तिथेच कळते. बुडाचा फोटो शंभरातले नव्व्याण्णव लोक काढत नाहीत, आणि काही गटांत तर त्यावाचून पुढे जाताच येत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते स्पष्ट सांगतो. पाठीवर पुंज नसलेले पान हाती असेल तर बहुतेक वेळा प्रजातीपर्यंतच (नावाच्या पहिल्या शब्दापर्यंत, म्हणजे जीनसपर्यंत) थांबावे, जातीचे नाव लावू नये. गोव्यात जूनच्या पहिल्या सरींनंतर नवी पाने उलगडतात, पण पुंज भरायला वेळ लागतो. ओळखीसाठी मला चवथीपासून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला वाटतो. पाने पूर्ण वाढलेली असतात, कोवळे आणि पिकलेले दोन्ही पुंज एकाच झाडावर सापडतात आणि व्हाळात उतरता येते. जुलैतल्या फोटोवरून दिलेले नाव कच्चे समजा.

आता तुमच्या फोटोंकडे येतो.

खाजनाच्या बांधावरचा उंच नेचा. तुम्ही लिहिले आहे की झाड माणसाच्या उंचीचे आहे, पर्णिका चामड्यासारख्या जाड आहेत आणि पान एकेरी, म्हणजे एकदाच विभागलेले आहे. खारफुटीच्या शेजारी, निमखारे पाणी पोचते तिथे, हे वर्णन आकुराला म्हणजे अक्रोस्टिकम ऑरियमला जुळते. मांडवी-झुआरीच्या खाजनांत, कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी, मानशींच्या (बांधातल्या पाण्याच्या दारांच्या) आसपास तो दाट वाढतो. पण केवळ जागेवरून मी नाव पक्के करणार नाही, कारण याच बांधापासून थोडे वर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) तासलेल्या उतारावर ब्लेक्नम ओरिएंटाले उभा असतो. तोही मोठा, तोही जाड पर्णिकांचा. शिवाय त्याची कोवळी पाने तांबूस-गुलाबी निघतात, त्यामुळे माणूस हमखास चकतो.

दोघांतला फरक पाठीवर अगदी ठळक आहे. आकुराच्या पानात फक्त शेंड्याकडच्या काही पर्णिकांवर बीजाणू येतात, पण त्या पर्णिकांची पाठ कडेपासून कडेपर्यंत मखमलीसारख्या गंजट तपकिरी थराने भरून जाते. वेगळे ठिपके नाहीत, रेषा नाहीत, पडदाही नाही. खालच्या पर्णिकांची पाठ साफ असते. उजेडात धरले तर शिरांचे बारीक, दाट जाळे दिसते. ब्लेक्नमच्या पर्णिकेवर मात्र मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तिला चिकटून दोन लांब अखंड रेषा असतात आणि त्यांचा पडदा शिरेच्या बाजूला उघडतो. शिरा एकमेकींना समांतर, दाट, कडेपर्यंत मोकळ्या. पाठीवर काही नसले तरी ब्लेक्नम देठावरून सापडतो: खाली येता येता पर्णिका एकदम आखडतात आणि देठावर कानाच्या पाळीएवढ्या छोट्या जोड्या उरतात. आकुराच्या पर्णिकांना स्वतःचे छोटे देठ असतात आणि त्या अशा पाळ्या करत नाहीत.

दलदलीत झाडाच्या खोडावर चढलेला, तांबूस कोवळ्या पानांचा असाच एक नेचा दिसला तर स्टेनोक्लेना पॅलुस्ट्रिसचा विचार करा. त्याच्या पर्णिकांची कड बारीक करवतीसारखी असते आणि बीजाणूंची पाने पूर्णपणे वेगळी, दोरीसारख्या अरुंद पर्णिकांची. खोड लांबच लांब चढत जाते. आकूर चढत नाही, तो जागच्या जागी गड्डा करतो.

भाजीबद्दल इथेच सांगतो, कारण यात चूक परवडत नाही. बाजारात ओळखीच्या बाईकडून घेतलेला आकूर आणि फोटोवरून स्वतः खुडलेला कोंब यांत फार अंतर आहे. गुंडाळलेल्या कोवळ्या कोंबावरून नेचा ओळखू नये. कोंबावर पुंज नसतात, शिरा उलगडलेल्या नसतात, आणि अनेक नेच्यांचे कोंब एकसारखे लव-खवल्यांनी झाकलेले असतात. त्याच गड्ड्यावर मागच्या मोसमाचे पूर्ण पान आहे का ते बघा, त्या पानावर खात्री करा, मगच कोंब त्या जातीचा म्हणा. जुने पान नसेल तर तो कोंब सोडून द्या. ही सावधगिरी उगाच नाही. टेरिडियम या उंच भागात वाढणाऱ्या नेच्यात टॅक्विलोसाइड नावाचे कर्करोगाला कारण ठरणारे द्रव्य असते. उकळून पाणी टाकले की ते कमी होते, पण सगळे जात नाही. जुन्या भिंतींवरचा टेरिस व्हिट्टाटा जमिनीतले आर्सेनिक शोषून पानांत साठवतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे 2001 साली दाखवले. नेचा विषारी नसला तरी तो कुठल्या मातीत उभा आहे हे म्हणूनच बघावे लागते. गटारांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याच्या कडेचे काहीच खुडू नये.

टेरिस व्हिट्टाटाचे नाव निघाले आहे तर त्याची आणि नेफ्रोलेपिसची गल्लतही मिटवून टाकू. दोन्हींची पाने एकेरी पर्णिकांची, लांबट, आणि दोन्ही भिंतींवर दिसतात. टेरिस व्हिट्टाटाला चुना आवडतो, त्यामुळे चुन्यात बांधलेल्या भिंती, तटबंद्या, जुने नाले ही त्याची हक्काची जागा. त्याचे पुंज पर्णिकेच्या दोन्ही कडांनी सलग धावतात आणि कडच आत वळून त्यांना झाकते. शेंड्याजवळ जिथे बारीक दाते असतात तिथे पुंज थांबतात. पानाच्या टोकाला एक लांब पर्णिका असते. नेफ्रोलेपिसचे पुंज गोल किंवा मूत्रपिंडासारखे, मधली शिर आणि कड यांच्यामध्ये ओळीने. त्याच्या पर्णिका दांड्याला सांध्याने जोडलेल्या असतात. जुन्या पानाला हलके झटका द्या, पर्णिका सुटून पडतात आणि दांडा उघडा राहतो. टेरिसच्या पर्णिका ओढल्या तर फाटतात, सांध्यातून सुटत नाहीत. शिवाय नेफ्रोलेपिसच्या बुडातून तारेसारखे बारीक धावते फुटवे निघतात. माडाच्या खोडावर झावळांच्या बेचक्यात असा एकेरी पर्णिकांचा नेचा लोंबत असेल तर तो बहुतेक हाच.

चोर्ला घाटातला, मागून पांढरा. तुम्ही पान हातावर दाबले आणि पांढरा ठसा उमटला, म्हणून तो 'चांदी नेचा' ठरवला. ठसा दोघांचाही उमटतो: ॲल्युरिटॉप्टेरिसचा आणि पिटिरोग्राम्मा कॅलोमेलॅनोसचा. पहिला आपल्या सह्याद्रीतला, दुसरा मूळचा उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा, जो आता जगभर ओलसर उतारांवर रुजला आहे. पांढरी भुकटी म्हणजे पाठीवरच्या ग्रंथींतून पाझरणारा मेणचट थर. ती एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या दोन गटांत आढळते, म्हणून तिच्यावरून नाव लावता येत नाही.

भुकटी बाजूला ठेवून कड बघा. ॲल्युरिटॉप्टेरिसमध्ये बीजाणू कडेला असतात आणि कडेची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी आत दुमडून त्यांना झाकते. पांढऱ्या पाठीभोवती तपकिरी किनार लावल्यासारखे दिसते. पिटिरोग्राम्मामध्ये कड दुमडत नाही. बीजाणूंचे काळपट दाणे शिरांच्या बाजूने पाठभर पसरतात आणि पिकल्यावर पांढरा रंग जवळजवळ झाकून टाकतात. मग आकार कामाला येतो: ॲल्युरिटॉप्टेरिस लहान, बहुधा वीतभर, पान त्रिकोणी किंवा पंचकोनी. त्याच्या सर्वांत खालच्या पर्णिकांचा खाली वळलेला पहिला फाटा लांब असल्यामुळे पानाला तो पंचकोन येतो. पिटिरोग्राम्माचे पान लांबट, भाल्यासारखे, हातभर किंवा त्याहून मोठे, देठ जांभळट काळा आणि चकचकीत. एक सुकत्या कातळाच्या भेगेत, दुसरा पाझर असलेल्या तासलेल्या दरडीवर आणि रस्त्याकडेच्या गटारात. पाऊस सरला की कातळावरच्या ॲल्युरिटॉप्टेरिसची पाने आत वळतात आणि पांढरी पाठ बाहेर येते. नोव्हेंबरात वरून बघूनही पांढरा दिसणारा नेचा म्हणजे बहुधा हा.

तुमच्या फोटोतला हातभर लांब आणि गटाराच्या कडेचा आहे, त्यामुळे माझा कल पिटिरोग्राम्माकडे आहे. तो ॲल्युरिटॉप्टेरिस निघाला तर पुढचा भाग अवघड आहे. फॅरिनोसा, बायकलर, ॲनसेप्स असा हा गट देठाच्या खवल्यांवरून आणि कडेच्या पट्टीवरून वेगळा करतात. खवले एकरंगी की दुरंगी, पट्टी सलग की तुटक, तिची कड झालरीसारखी की साधी, एवढे बुडाच्या आणि कडेच्या जवळच्या फोटोंशिवाय कळत नाही. जुन्या नोंदींत या सगळ्यांना सरसकट 'फॅरिनोसा' म्हटलेले आढळते, म्हणून एखाद्या यादीत ते नाव आहे एवढ्यावर विसंबू नका.

विहिरीच्या कठड्यातला. काळ्या, केसासारख्या चकचकीत देठांचा म्हणजे हंसराज, हे तुम्ही बरोबर ओळखले आहे. पण हंसराज या एका नावाखाली ॲडिअँटमच्या बऱ्याच जाती येतात. प्रजाती पक्की करायची खूण नाजूक आहे, पण एकदा भिंगातून बघितली की विसरणार नाही: पर्णिकेच्या कडेचा छोटा पदर आत दुमडलेला असतो आणि बीजाणू त्या पदरावरच असतात. सुईच्या टोकाने पदर उचला, तपकिरी दाणे पदराबरोबर वर येतात. टेरिस किंवा ॲल्युरिटॉप्टेरिसमध्ये पट्टी उचलली तर दाणे पानावरच राहतात.

जातींसाठी आधी पान किती वेळा विभागले आहे ते बघा. पान एकेरी असेल, पर्णिका अर्धचंद्रासारख्या, स्पष्ट देठाच्या, आणि कुठेही लव नसेल तर ॲडिअँटम फिलिपेन्स. चिऱ्याच्या दरडींवर पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसतो तो हाच. पान एकेरीच, पण दांड्यावर आणि पर्णिकांवर लव, पर्णिकांना जवळजवळ देठ नाही आणि त्यांची वरची कड कापलेली, तर तो इन्सायसम-कॉडाटम गटातला. या दोन्हींच्या पानाचा शेंडा लांबून जमिनीला टेकतो आणि तिथे नवे रोप रुजते, म्हणून शेंड्यावरून त्यांना वेगळे करू नका. लव बघा.

पान दोन-तीनदा विभागलेले आणि पर्णिका पंख्यासारख्या असतील, तर प्रश्न उरतो तो कॅपिलस-व्हेनेरिस की रॅडिअॅनम. दुसरा दक्षिण अमेरिकेचा, कुंडीत लावला जाणारा, आणि घराजवळच्या ओल्या भिंतींत सहज निसटून रुजणारा. विहीर घराजवळची आहे म्हणून हा संशय घ्यायलाच हवा. बीजाणू नसलेल्या पर्णिकेची दातेरी कड उजेडात धरा. शिर दात्याच्या टोकात जाऊन संपत असेल तर कॅपिलस-व्हेनेरिस, दोन दात्यांमधल्या खाचेत संपत असेल तर रॅडिअॅनम. जोडीला पदराचा आकार बघा: पहिल्याचा लांबट, दुसऱ्याचा गोलसर, मूत्रपिंडासारखा. भिंगाशिवाय हा निकाल लागत नाही, आणि ॲप इथे हटकून चुकते, कारण त्याला कडेपर्यंतची शिर दिसतच नाही.

आता राहिला व्हाळाकाठचा, आणि खरा गुंता तिथेच आहे. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच, लांब पर्णिका, प्रत्येक पर्णिका कडेने अर्धी कापलेली. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत), पाटाच्या कडेला, सावलीच्या वाटेवर अशा दिसणाऱ्या नेच्यांत निदान तीन गट सापडतात: ख्रिस्टेला, टेरिस आणि डिप्लाझियम. एका पर्णिकेवरून इथे निकाल होत नाही. शितावरून भाताची परीक्षा नेच्यांत चालत नाही, पान बुडापासून शेंड्यापर्यंत पाहावे लागते.

सुरुवात सर्वांत खालच्या पर्णिकांपासून करा. तिथल्या जोडीच्या बुडाशी, खालच्या अंगाला, तिच्यासारखाच आणखी एक फाटा निघाला असेल तर तो टेरिस. पुंज कडेला सलग आणि कड दुमडलेली असेल तर शंकाच नाही. मग एक पर्णिका उजेडात धरा आणि मधल्या शिरेला लागून असलेली जागा भिंगातून बघा. कापलेल्या भागांच्या तळाच्या शिरा शेजारच्या भागातल्या शिरेला मिळून मधल्या शिरेच्या बाजूने एक लांब कमान करत असतील आणि त्या कमानीवरून पुढच्या बारीक शिरा निघत असतील, तर टेरिस बायऑरिटा. कमान नाही, सगळ्या शिरा मोकळ्या, तर टेरिस क्वाड्रिऑरिटाचा गट. वरून हे दोघे इतके सारखे दिसतात की कमानीशिवाय वेगळे करायचा प्रयत्नसुद्धा मी करत नाही.

खालचा फाटा नसेल आणि पुंज गोल, पडदा मूत्रपिंडासारखा असेल, तर ख्रिस्टेला. त्याच्या अंगावर, विशेषतः दांड्याच्या वरच्या खाचेत, सुईसारखी पारदर्शक लव असते. बोट फिरवले तरी मऊपणा जाणवतो. उजेडात धरले तर शेजारशेजारच्या भागांच्या तळाच्या दोन शिरा एकत्र येतात आणि त्यांतून एकच शिर निघून दोन भागांमधल्या खाचेत जाते. कमान नाही, छोटा तंबू. पुंज लांब रेषांसारखे, बऱ्याचदा एका शिरेच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून जोडीने असतील आणि पाने जवळजवळ लव नसलेली असतील, तर डिप्लाझियम एस्क्युलेंटम. पूर्ण वाढलेला डिप्लाझियम दोनदा विभागलेला आणि खूप मोठा असतो, पण त्याची कोवळी झाडे एकेरी पानांची असतात आणि तीच ख्रिस्टेलात मिसळून जातात. त्यातही तळाच्या शिरा जुळतात, म्हणून शिरांवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. पुंजाचा आकार, लव आणि देठाच्या बुडाचे काळपट, दातेरी कडेचे खवले तिन्ही पाहा.

ख्रिस्टेलामध्येही दोन जाती बरोबरीने आढळतात. डेंटाटामध्ये खालच्या बऱ्याच जोड्या हळूहळू आखडत जातात. पॅरासिटिकामध्ये खालच्या जोड्या फारशा लहान होत नाहीत, फक्त खाली झुकतात. पाठीकडच्या शिरांवर भिंगातून नारिंगी ग्रंथी दिसल्या तर पॅरासिटिकाच. अडचण ही की अनेक फोटोंत पान मधूनच कापलेले असते आणि नेमक्या खालच्या जोड्या त्यात नसतात. शिवाय या गटात संकर होतात. सगळ्या खुणा अर्ध्या-अर्ध्या जुळत असतील तर जबरदस्तीने नाव लावू नका. 'ख्रिस्टेला, संकर असण्याची शक्यता' ही प्रामाणिक नोंद आहे.

वेलीसारख्या नेच्याबद्दल तुम्ही ओघात विचारले होते. तो लायगोडियम. चढणारा तो दांडा खोड नसून वाढत राहणारे एकच पान आहे. लायगोडियम मायक्रोफायलममध्ये पर्णिका सांध्यातून सुटते आणि छोटा देठ वेलीवर राहतो. फ्लेक्सुओसममध्ये सांधा नसतो. एक पर्णिका ओढून बघितली की पुरे.

ॲपच्या तीन नावांविषयी. ख्रिस्टेला डेंटाटा, थेलिप्टेरिस डेंटाटा आणि सायक्लोसोरस डेंटाटस ही तीन झाडे नव्हेत. तीच जात, वेगवेगळ्या वर्गीकरणांत. ब्लेक्नम ओरिएंटाले आता बऱ्याच ठिकाणी ब्लेक्नॉप्सिस ओरिएंटालिस असते, आणि ॲल्युरिटॉप्टेरिस फॅरिनोसा जुन्या पुस्तकांत चायलँथेस फॅरिनोसा म्हणून सापडेल. नावाचा दुसरा शब्द तोच किंवा थोडाच बदललेला असेल, तर आधी ती समानार्थी नावे आहेत का ते तपासा. तुमच्या 'तीन नावां'पैकी दोन तरी अशीच आहेत.

पुढच्या वेळी प्रत्येक झाडाचे हे फोटो हवेत: अख्खे झाड उभ्या जागेसह, एक पान बुडापासून शेंड्यापर्यंत, शेजारी पट्टी ठेवून, पानाची पाठ, पुंजांचा अगदी जवळून फोटो, कोवळा आणि पिकलेला, उजेडात धरलेली पर्णिका, देठाचे बूड खवल्यांसह. फ्लॅश बंद ठेवा, ओल्या पानावर तो चमकतो आणि लव दिसेनाशी होते. पुंज पिकलेत का याची खात्री करायची तर एक पर्णिका पांढऱ्या कागदात घडी घालून एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. कागदावर पिवळी, तपकिरी किंवा काळपट बारीक पूड पडली तर पिकलेत.

नमुना वाळवायचा असेल तर तो स्वतःच्या कुळागरातला किंवा मालकाला विचारून घेतलेला असू द्या. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला इथल्या संरक्षित क्षेत्रांत परवानगीशिवाय एक पानही तोडायचे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे. चोर्ल्याच्या बाजूला अभयारण्याची हद्द कुठे लागते हे आधी वनखात्याकडे विचारून घ्या. तिथे पान हाताने उलटायचे, फोटो घ्यायचा आणि परत सरळ करायचे. घरच्या नमुन्याला खुडताक्षणी वर्तमानपत्रात पसरा, कारण नेचा फार लवकर कोमेजतो आणि कोमेजलेली पर्णिका नंतर सरळ होत नाही. लांब पान मोडून इंग्रजी झेडच्या आकारात घडी घाला, काही पर्णिका पाठ वर करून ठेवा. गोव्याच्या पावसाळी हवेत पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलावे लागतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी ठरलेली. कागदावरच गाव, जागा (व्हाळ, भिंत, कातळ), झाडाची उंची आणि तारीख लिहा. वाळल्यावर भुकटीचा आणि कोंबाचा रंग उडतो, तेही ताजे असतानाच टिपून ठेवा.

तुमच्या व्हाळाकाठच्या फोटोत खालचा फाटा दिसत नाही, पण पान गुडघ्याएवढ्या गवतात बुडालेले आहे, त्यामुळे तो नाही असेही म्हणता येत नाही. गवत बाजूला करून सर्वांत खालच्या दोन-तीन जोड्यांचा आणि पाठीचा फोटो पाठवा. फाटा निघाला तर शिरांची कमान बघू. नसला आणि पाठीवर गोल पुंज असतील, तर खालच्या जोड्या आखडतात की नुसत्या झुकतात एवढेच पाहायचे उरेल.